भूशास्त्राचे शिक्षण आणि आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



मी जुनी मॅट्रिक, म्हणजे अकरावी झालेला, एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. विद्वत्तेचा दावा मी करीत नाही. तथापि अडतीस वर्षे मुलांना भूगोल शिकविताना आपल्या पायाखालच्या भूमीविषयी जे वाचनात आले, त्यातील थोडे आपल्यापुढे ठेवावे, अशी इच्छा आहे. महाविद्यालयात भूशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळविणे, हा आजचा विषय आहे. ह्या शास्त्रास कोणी भूविज्ञान म्हणतात, कोणी भूगर्भशास्त्र म्हणतात; इंग्रजीत त्यासच जिऑलॉजी असे नाव आहे.

हा विषय मी का निवडला, ते सांगतो. गतवर्षी आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे एका मुलीचा अर्ज आला होता. बारावी विज्ञानात तिला उत्तम गुण मिळाले होते आणि तिला भूशास्त्र घेऊन पदवी करावयाची होती. आपल्या निधीच्या नियमात केवळ वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाचा उल्लेख असल्यामुळे तो अर्ज परत गेला. मी तिच्या वडिलांना भेटलो. नियमाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट, अर्ज परत आला हे बरेच झाले, असे त्यांचे मत होते. ते म्हणाले, "गुरुजी, हातातली हातोडी सुटावी म्हणून मी मुलीला शिकविली. आता तीच हातोडी ती कॉलेजात जाऊन हाती घेणार काय?"

बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपण पाथरवट. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात जाते, पाटा-वरवंटा, उखळ, देवाच्या मूर्ती आणि वाड्यांचे चिरे घडले. पण त्याबरोबर फुटलेली नखे, डोळ्यांत उडालेली कपची आणि छातीत साठलेली धूळ हेही आपल्याच वाट्यास आले. १९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. माझे आईवडील खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर होते आणि सुकडीवर आम्ही दिवस काढले. त्यामुळे मुलांच्या हातून हातोडी सुटावी, असे आपल्यापैकी कोणास वाटत असेल, तर ते मला पुरते समजते. तरीदेखील त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का, हेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्या वडीलमंडळींना दगडाचे ज्ञान होते, हे कोणी नाकारणार नाही. हातोडीचा हलका ठोका दिला असता दगड खणखणीत वाजतो की बद्द वाजतो, यावरून आत चीर आहे की नाही हे त्यांना कळे. कोणता दगड जात्यास चालेल आणि कोणता पिठात कच सोडील, हे ते हात फिरवून सांगत. परंतु तो दगड तसा का झाला, शेजारच्या डोंगरात तो का नाही, त्याच्याखाली काय आहे, हे विचारण्यास त्यांना सवड नव्हती आणि सांगणारे कोणी नव्हते. जेथे आपल्या वाडवडिलांचे ज्ञान थांबले, तेथून भूशास्त्र पुढे चालू होते.

उदाहरणार्थ, आपला काळा पत्थर घ्या. शास्त्रज्ञ त्यास बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो एकदा आला नाही. पुनःपुन्हा आला, पसरला, थिजला, आणि थरावर थर चढले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश ह्या खडकाने व्यापलेला आहे, आणि सह्याद्रीत ह्या थरांची एकूण जाडी काही ठिकाणी २ किलोमीटरांच्या आसपास भरते. घाटातून जाताना डोंगरास पायऱ्या पाडल्यासारखे दिसते ते ह्या थरांमुळेच. त्यावरूनच ह्या खडकास 'ट्रॅप' हे नाव मिळाले. स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दावरून ते आले आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी, ह्याच पाषाणात वरून खाली खोदीत आणले गेले. ज्यांनी ते खोदले, त्यांची नावे आपणास ठाऊक नाहीत. पण टाकी धरणारे ते हात आपल्यासारख्यांचेच होते.

कोकणातील बांधवांना जांभा दगड परिचयाचा आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज पाडता येतात; हवा लागली की तो कठीण होतो. उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडक कुजून त्यातील लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहते, त्यातून जांभा बनतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात असाच दगड पाहून त्याचे 'लॅटेराइट' असे नामकरण केले. लॅटिन भाषेत त्या शब्दाचे मूळ 'वीट' असे आहे. आपल्या घराच्या भिंतीतल्या चिऱ्याचे नाव जगभरच्या पुस्तकांत आले आहे, हे आपल्या किती मुलांना ठाऊक असेल बरे?

आता ह्या विषयात शिकवितात काय, ते थोडक्यात सांगतो. बारावी विज्ञान उत्तीर्ण झाल्यावर बी.एस्‌सी.स प्रवेश मिळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे हा अभ्यासक्रम तीन वा चार वर्षांचा आहे. प्रथम खनिजांची ओळख करून देतात. १८१२ साली फ्रीड्रिश मोस याने खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्या पहिल्या पायरीवर शंखजिरे आहे, ज्यावर नखाने ओरखडा उठतो. सातव्या पायरीवर गारगोटी आहे. तिच्यावर साधा चाकू चालत नाही. नवव्या पायरीवर आपल्या सहाणवाल्यांचा कुरुंद आहे आणि दहाव्यावर हिरा. आपली मंडळी हे बोटांनी जाणत होती. विद्यार्थी ते अंकांनी जाणतो, म्हणून ते दुसऱ्यास सांगू शकतो आणि ताडून पाहू शकतो.

त्यानंतर खडकांचा अभ्यास येतो. दगडाचा तुकडा काचेवर चिकटवून तो घाशीत घाशीत ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतात. एवढा पातळ झाल्यावर काळाकभिन्न पत्थरदेखील प्रकाश आरपार जाऊ देतो, आणि विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील एकेक खनिज निळ्या, पिवळ्या, नारिंगी रंगांत दिसू लागते. याशिवाय जीवाश्म, म्हणजे दगडात राहिलेले प्राचीन प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष, स्तरांचा कालक्रम, थरांच्या घड्या व भेगा, खनिज साठ्यांची रचना, आणि भूजल, हे विषय शिकवितात. दरवर्षी काही दिवस विद्यार्थ्यांना डोंगरात, खाणीत, नदीकाठी नेतात. तेथे हातोडी, भिंग, होकायंत्र आणि वही घेऊन थराचा उतार किती व कोणत्या दिशेस आहे हे मोजावयाचे आणि त्या भागाचा नकाशा तयार करावयाचा असतो. नकाशा काढता येणे ही ह्या विद्येतील खरी कसोटी होय. रसायन, भौतिकी व गणित यांची बैठक चांगली असावी लागते. केवळ डोंगर चढण्याची हौस पुरत नाही.

ह्या विद्येचा समाजास उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर पाणी हे आहे. काळा घट्ट पत्थर स्वतः पाणी धरीत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, कुजून झालेल्या मुरुमात आणि सच्छिद्र थरांत. दोन थरांमध्ये पुष्कळदा तांबड्या मातीसारखा एक पातळ थर असतो. त्यावर पाणी अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. हे न पाहता, कोणा पायाळू माणसाच्या सांगण्यावरून गावेच्या गावे विंधणविहिरी घेतात. मी ज्या दुष्काळी गावी नोकरी केली, तेथे एका उन्हाळ्यात लोकांनी कर्ज काढून अशा विहिरी घेतल्या. बहुतेक कोरड्या गेल्या आणि कर्ज मात्र उरले. थरांचा नकाशा वाचणारा एक पदवीधर त्या पंचक्रोशीत असता, तर कितीतरी घरांचे दागिने वाचले असते.

दुसरे उत्तर कठोर आहे, पण आपण पाथरवट असल्यामुळे ते मी टाळणार नाही. दख्खनचे पठार अचल आहे, येथे मोठे भूकंप होत नाहीत, अशी पूर्वी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरच्या भूकंपाने तिला पहिला तडा गेला. मोठ्या जलाशयाशी निगडित भूकंपांचे कोयना हे जगातील एक प्रमुख उदाहरण मानले जाते. कराडजवळ केंद्र सरकारची ह्या अभ्यासासाठी संस्था आहे, आणि २०१७ साली कोयना भागात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. तेथे सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर त्याखाली ग्रॅनाइट लागला. ज्या पाषाणावर आपण पिढ्यान्‌पिढ्या घाव घातले, त्याचा तळ असा मोजला गेला.

त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. तो प्रदेश तोवर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. सुमारे १०,००० माणसे दगावली. ती भूमीने गिळली नाहीत. ती भिंतींखाली सापडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांची आतली व बाहेरची तोंडे आरपार दगडांनी एकमेकांस बांधलेली नव्हती, आणि वर माळवदाचा भार होता. धरणी हलताच भिंती दोन्ही बाजूंस उकलल्या. दगड तोच, आरपार दगड ठराविक अंतरावर घातले आणि भिंतीस आडवा पट्टा बांधला, तर असे घर पुष्कळ तग धरते. दगड घडविणाऱ्या समाजात हे ज्ञान असणे हा केवळ नोकरीचा प्रश्न नव्हे, तो जिवाचा प्रश्न आहे.

हीच गोष्ट दरडींची. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२१ साली महाडजवळ तळिये आणि २०२३ साली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी यांची तीच गत झाली. कोणता उतार मुरला आहे, कोठे भेगा पडल्या आहेत, पाणी कोठे जिरते आहे, हे पाहून वाड्या आधी हलविता येतात. त्यासाठी डोंगर वाचणारी माणसे हवीत, आणि ती ह्याच मातीतली असली तर अधिक बरे.

आता चरितार्थाविषयी. आपण गृहस्थाश्रमी माणसे आहोत; पोटाचा विचार न करता उपदेश करणे योग्य नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय कोलकात्यास आहे. तिच्यातील व केंद्रीय भूजल मंडळातील अधिकाऱ्यांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 'कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट' परीक्षेतून होते. तिला पदव्युत्तर पदवी लागते. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे. नागपुरास तर भारतीय खाण ब्यूरो, मॉयल आणि वेस्टर्न कोलफील्ड्स अशी मोठी कार्यालये आहेत. तेल महामंडळातही भरती होते. याखेरीज धरणे, बोगदे, रस्ते, खाणी यांच्या खाजगी कंपन्यांत कामे असतात. कोकण रेल्वेचा साडेसहा किलोमीटर लांबीचा कारबुडे बोगदा डोंगराच्या पोटातून न्यावयाचा, तर आत कोणता खडक लागेल हे आधी सांगणारा कोणी लागतोच.

पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात, मुंबईस सेंट झेवियर्समध्ये, गोव्यात धेंपे व चौगुले महाविद्यालयांत हा विषय शिकविला जातो. पुणे व नागपूर विद्यापीठांत पदव्युत्तर विभाग आहेत. 'जॅम' नावाची प्रवेशपरीक्षा देऊन पवईच्या आय.आय.टी.तही एम.एस्‌सी. करता येते, आणि तेथील दारे साध्या बी.एस्‌सी. झालेल्या मुलास उघडी होतात, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी.

ह्या वाटेतील काटेही सांगितले पाहिजेत. नुसत्या बी.एस्‌सी.वर चांगले काम मिळणे कठीण. पाच वर्षांच्या अभ्यासाची तयारी हवी. सरकारी जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. खाणींचा धंदा चढउताराचा आहे. गोव्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा अनेकांच्या घरची चूल अडचणीत आली. शिवाय उन्हातान्हात, घरापासून दूर, महिनोन्‌महिने काम करावे लागते. ज्यास वातानुकूलित खोलीतील खुर्चीच हवी आहे, त्याने ह्या वाटेस जाऊ नये.

मुलींच्या पालकांस अधिक काळजी वाटते, हे मी जाणतो. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या कामास मनाई होती. २०१९ साली केंद्र सरकारने तांत्रिक व देखरेखीच्या कामांसाठी, लेखी संमतीने, दिवसा ती मोकळीक दिली. त्याच्याही कितीतरी आधी, १९८३ साली निघालेल्या मोहिमेत, भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरच्या कन्या, सागरशास्त्रज्ञ अदिती पंत ह्या दोघी अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ ठरल्या. बर्फाच्या खंडावर आपल्या मुली गेल्या; सह्याद्रीत जाण्यास त्यांना कोणती आडकाठी आहे?

एक भारतीय भूशास्त्रज्ञ काय करू शकतो, याचे एक उदाहरण सांगतो. प्रमथनाथ बोस हे सर्वेक्षण खात्यात अधिकारी होते. त्यांच्याहून कनिष्ठ अशा युरोपीय अधिकाऱ्यास त्यांच्यावर नेमल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली आणि ते मयूरभंज संस्थानात गेले. तेथील डोंगरांत त्यांना लोहखनिजाचा मोठा साठा आढळला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना त्याविषयी पत्र लिहिले. पुढे १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी निघाली आणि जमशेदपूर वसले. बोसबाबूंच्याही हाती हातोडीच होती.

आता मी त्या मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. खडी फोडणाऱ्याच्या हातातील हातोडी दुसऱ्याच्या हुकुमाने चालते. किती ब्रास खडी झाली एवढेच तिला विचारले जाते. भूशास्त्रज्ञाची हातोडी दगडाला प्रश्न विचारते, आणि त्याच्या उत्तरावर गावाचे पाणी, धरणाचा पाया आणि वाडीतली माणसे अवलंबून असतात. पहिली आपल्यावर लादली गेली. दुसरी ती मुलगी स्वतः निवडीत आहे. आपण मुलांना शिकविले ते दगडापासून पळण्यासाठी नव्हे, हलाखीपासून सुटण्यासाठी. ह्या दोन गोष्टी एक समजून आपण मुलांच्या वाटा अडवू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेवटी कार्यकारी मंडळास माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, शिष्यवृत्ती निधीच्या नियमात 'मूलभूत विज्ञान विषयांतील पदवी व पदव्युत्तर शिक्षण' एवढे शब्द वाढवावेत, आणि परत गेलेल्या त्या अर्जाचा फेरविचार करावा. दुसरी, दिवाळीच्या सुटीत आठवी ते दहावीच्या मुलामुलींची एक सहल काढावी. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत सापडणारे निळे कॅव्हन्साइट स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. आपलेच खाणकामगार ज्या खाणींत राबतात, तेथे काय सापडते ते मुलांनी डोळ्यांनी पाहावे. ज्यांना वाचनाची आवड आहे, त्यांच्यासाठी मराठी विश्वकोशात ह्या विषयावरील नोंदी आपल्या भाषेत उपलब्ध आहेत. तिसरी, आपल्यातील जी वृद्ध कारागीर मंडळी अद्याप आहेत, त्यांनी दगडांची जी नावे आणि पारख सांगितली, ती लिहून ठेवावी. आज जाती कोणी घडवून घेत नाही. ती माणसे गेली की ते शब्दही जातील. हे लिहिण्याचे काम भूशास्त्र शिकलेल्या आपल्याच मुलामुलींनी केले, तर आजोबांची पारख आणि नातवंडांचे शास्त्र एका वहीत येईल.

सूचनांचा विचार करणे मंडळाच्या हाती आहे, आणि मुलांच्या आवडीचा विचार करणे प्रत्येक घराच्या हाती आहे. मंडळाचा उत्कर्ष होवो, अशी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतो.